छावणी उठल्यावर

छावणी हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. नगरनाक्याच्या बाजूस निघाले की छावणी नावाची वस्तीच लागते, आणि तिथे पिढ्यान् पिढ्या घरदार करून राहिलेल्या माणसाला आपण एका तात्पुरत्या मुक्कामाच्या नावाखाली नांदतो आहोत याची आठवणही उरलेली नसते. गाव खडकीचे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. छावणी मात्र छावणीच राहिली.

याच गावाने मोगली छावणीचा संसारही पाहिला आहे. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेकडे आला तो पुन्हा म्हणून उत्तरेस गेला नाही. पुढची पंचवीस वर्षे हिंदुस्थानची राजधानी बहुतेक काळ कापडाचीच होती. १६९५ साली करेरी नावाचा एक इटालियन प्रवासी गलगल्याच्या मुक्कामी ही छावणी पाहून गेला. तिचा घेर तो तीस मैलांचा सांगतो. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मजलेवर जाऊन उभा राही, त्याला पेशखाना म्हणत. म्हणजे बादशहा पोचण्याआधी कोणीतरी तिथे पोचलेला असे, आणि बादशहा निघून गेल्यावरही कोणीतरी तिथे मागे उरलेला असे. मेखा उपटणारा, कनाती गुंडाळणारा, पखालीने पाणी वाहणारा, उकिरडे बुजविणारा. फरास, खलाशी, भिस्ती, बेलदार ही त्यांची नावे. खरे म्हणजे ही कामांची नावे, माणसांची नव्हेत. दरबारात कोणाला कोणती खिलत मिळाली हे आपल्याला तारीखवार ठाऊक आहे. एका तरी फरासाचे नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का? पुण्यास फरासखाना उरला आहे, पण तोही लोकांच्या तोंडी राहिला तो पोलीस चौकीमुळे!

इतिहासाचा हा पक्षपात जुना आहे आणि तो मोगलांबरोबर संपला असे नाही. आज मला ज्या छावण्यांविषयी बोलायचे आहे त्या लढाईच्या नाहीत, त्या तरुण मुलांच्या उन्हाळी छावण्या आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना आपण संस्थापकाचे नाव घेतो, पाहुण्या वक्त्यांचे घेतो, फार तर आलेल्या मुलांची संख्या देतो. आठ दिवसांनी मुले घरी जातात. बाकीचे तीनशे सत्तावन्न दिवस त्या जागेवर कोण असतो?

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. अमेरिकेत शाळकरी मुलांना रानात मुक्कामास नेण्याची चाल १८६१ पासूनची मानतात. कनेक्टिकटमधील गन नावाचे एक हेडमास्तर त्या साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रकाठी राहिले. पुढे असल्या छावण्या कायमच्या जागांवर भरू लागल्या, तेव्हा जागा राखायला माणूस लागला. स्काउटांच्या छावण्यांतून त्याला रेंजर म्हणतात. तो बायकामुलांसह तिथेच राहतो. पडलेली झाडे कापतो, नळ दुरुस्त करतो, छपरे शाकारतो, हिवाळ्यात बर्फ काढतो. इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांची पहिली छावणी भरविली, तिची गोष्ट जगभर झाली. १९१९ साली स्काउट चळवळीला गिलवेल पार्कची मालमत्ता देणगीदाखल मिळाली ती मात्र पुष्कळ वर्षे ओसाड पडलेली होती, आणि एप्रिलात तिथे साफसफाईला आलेल्या पहिल्या तुकडीला ओल्या जमिनीमुळे माळ्याच्या एका मोडक्या खोपटात रात्र काढावी लागली. त्या खोपटाला त्यांनी डुकरांचा गोठा असे नाव ठेवले, आणि इंग्रजी स्वभावाप्रमाणे ते पुढे अभिमानाने जपलेही.

आपल्याकडे अशा माणसाला नेमके नाव नाही. डाकबंगल्याचा खानसामा होता, रानाचा नाकेदार होता, गावचा जागल्या आणि वेसकर होता. यातल्या वेसकराकडे जरा थांबून पाहावे. गावाचे रक्षण ज्याने करायचे त्याची वस्ती गावाच्या बाहेर. वेशीचे दार तो लावणार आणि उघडणार, पण त्या दाराच्या आत त्याचे घर नाही. राखणाऱ्याला आत घ्यायचे नाही ही आपल्या समाजाची रीत, आणि पुढे जे सांगायचे आहे ते तिच्याशीच जोडलेले आहे.

महाराष्ट्रात तरुणांच्या छावण्यांची हवा निर्माण केली ती प्रामुख्याने राष्ट्र सेवा दलाने, १९४१ पासून. मराठवाड्याने तर छावणी हा शब्द स्वातंत्र्याच्याही आधी फार वेगळ्या अर्थाने अनुभवला. १९४७-४८ साली निजामाच्या हद्दीबाहेर सरहद्दीवर ज्या छावण्या पडल्या, त्यांत इथली शाळा-कॉलेजे सोडलेली मुले होती. ती हकीकत स्वतंत्र व्याख्यानाची आहे. श्रमाची छावणी ही कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने आली, आणि ती वाट लांबची आहे.

पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने १९२० साली व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात निरनिराळ्या देशांची माणसे जमविली. त्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडला त्यांच्याच देशबांधवांनी तो उभा करायला हात लावावा, ही त्यातली कल्पना. गावकऱ्यांना काही काळाने ते सोसेना, आणि मंडळींना निघून जावे लागले. पण त्यातून जी संघटना झाली तिने पुढे देशोदेशी अशा छावण्या घातल्या. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारात येऊन राबले. याच संघटनेचे परदेशी तरुण पन्नासच्या दशकात वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन राहिले.

आनंदवनाचा आरंभ आता बहुतेकांना ठाऊक आहे. १९५१ च्या जूनमध्ये बाबा आमटे सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन त्या खडकाळ माळावर राहावयास गेले. बरोबर साधनाताई आणि दोन लहान मुले. विंचवांचा, सापांचा, वाघांचा मुलूख. पहिले काम विहिरीचे. पाणी लागले, भाजी पिकली, आणि मग खरी अडचण उभी राहिली: ती भाजी घ्यायला वरोऱ्यात कोणी तयार होईना. परदेशी पोरे तिथे येऊन राहिली, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून विटा-माती वाहू लागली, तिथलेच अन्न खाऊ लागली, तेव्हा वरोऱ्याचे लोक कुतूहलाने पाहायला आले. पाहता पाहता भीड चेपली आणि भाजी-दुधाला गिऱ्हाईक मिळाले. औषधाने जे काम झाले नव्हते ते गोऱ्या पोरांच्या जेवणाने झाले, यात आपल्या लोकांच्या गुलामी मनाचाही थोडा भाग असेलच. पण झाले ते चांगलेच झाले.

इथे एक जुना कायदा सांगणे अवश्य आहे. इंग्रज सरकारने १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयी कायदा केला. भीक मागणाऱ्या रुग्णास धरून आश्रमात डांबण्याची त्यात सोय होती, आणि जिथे तो लागू होई तिथे रुग्णाने विक्रीसाठी अन्न करू नये, सार्वजनिक विहिरीचे अथवा तळ्याचे पाणी घेऊ नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असे निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला होता. रोगावर गुणकारी औषध हाती नव्हते तोवर या भीतीला काही तरी निमित्त होते असे म्हणता येईल. परंतु १९४० नंतर डॅप्सोन आले, १९८० नंतर अनेक औषधांची एकत्र योजना आली, रोग पुरता बरा होऊ लागला. आणि कायदा तसाच राहिला. एकविसावे शतक उजाडून बरीच वर्षे लोटल्यावर तो रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते, ते तर २०१९ साली निघाले. रोग गेला तरी रोगी हा शिक्का जात नसे. बरा झालेला माणूस गावी परते, आणि दारातूनच माघारी येई.

हीच माणसे पुढे सोमनाथास गेली. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाजवळ सोमनाथ म्हणून महादेवाचे ठिकाण आहे. झरा आहे, सभोवार रान आहे, ताडोबाचे जंगल फारसे दूर नाही. १९६७ साली तिथली हजारावर एकर जमीन सरकारने बाबांच्या संस्थेला दिली. बाबांच्या मनात श्रमिक विद्यापीठ होते. ते त्यांच्या मनातल्या रूपात उभे राहिले असे म्हणता येणार नाही. पण त्याच काळापासून सोमनाथला दर मे महिन्याच्या मध्यास आठवडाभराची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली आणि ती दशकानुदशके भरत आली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून कॉलेजची मुले-मुली येत. पहाटे उठणे, सूर्य तापण्याआधी खोदकाम आणि बांधबंदिस्ती, दुपारी व्याख्याने व चर्चा, रात्री गाणी. पाठीच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे असत किंवा आडवे असत, आणि आडवे पडूनच मुलांशी बोलत. हे सारे छायाचित्रांतून आणि आठवणींतून पुष्कळ आले आहे.

कमी आले आहे ते यजमानांविषयी. रोगमुक्त झालेली शेकडो माणसे सोमनाथला बारमाही राहत, शेती करीत, तळी राखीत. शंकरभाऊ जुमडे यांचे नाव सोमनाथच्या शेतीशी असेच जोडले गेले आहे. छावणीला येणारा मुलगा समजत असे की आपण समाजसेवेस आलो. वास्तविक तो पाहुणा होता. ज्यांना सार्वजनिक विहिरीवर चढू द्यायचे नाही असे कायदा म्हणत होता त्यांनी राखलेल्या पाण्यावर तो राहत होता, आणि त्यांनी पिकविलेला भात खात होता. घरी आईला हे सांगावे की न सांगावे, अशा पेचात त्या काळी किती मुले पडली असतील! वेसकराला वेशीबाहेर ठेवणाऱ्या समाजाची मुले वेशीबाहेरच्याच माणसांकडे उतरायला आली होती.

आता या यजमानपणाचे काम काय असते ते पाहू. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. आपल्या मराठवाड्याची शेती पावसाकडे डोळे लावून असते. तिकडची पावसाला अडवून धरते. लहान तळ्याला तिकडे बोडी म्हणतात. अशा ठिकाणी छावणीची तयारी मे महिन्यात होत नाही, ती होळीच्या आधीपासून सुरू होते. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. त्यातली एखादी ठिणगी वाऱ्याने उडाली की रान पेटते. तेव्हा वस्तीभोवती जाळपट्टे काढायचे, म्हणजे रुंद पट्टीतले गवत आधीच जाळून वा खरडून ठेवायचे, आणि रात्री जागे राहायचे. मग विहिरींचा गाळ. चारशे-पाचशे माणसांना चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात प्यायला पाणी लागते, आणि विहिरी तर त्याच महिन्यात तळ गाठतात. मग मांडवाचे बांबू, वाळवीने खाल्लेले निराळे, धड असलेले निराळे. संडासाचे चर, विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. कुदळी, फावडी, घमेली मोजून, दांडे बदलून, धार लावून ठेवायची. नवशिक्याच्या हातात कुदळ दिली की दांडा हमखास मोडतो, म्हणून जादा दांडे तासून ठेवायचे.

याहून अवघड एक काम आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मुलांना कोणते काम द्यायचे हे ठरविणे. शहरातली पाचशे पोरे, कुदळ बहुतेकांनी कधी धरलेली नाही, हाताशी सहा-सात सकाळी. काम असे हवे की त्यांना जमले पाहिजे, त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे झाले पाहिजे, आणि पहिल्या पावसात वाहून जाता कामा नये. पोरांना खोटे काम दिले तर त्यांना ते ताबडतोब कळते. खड्डा खणायचा आणि दुसऱ्या तुकडीने बुजवायचा, असल्या कवायतीने श्रमाची गोडी लागत नाही, चीड येते. म्हणून बांधाची रेघ आधी आखलेली लागते, पाण्याचा उतार पाहिलेला लागतो, सांडव्याची जागा ठरलेली लागते. ज्याने त्या जमिनीवर चार पावसाळे काढले आहेत त्यालाच हे जमते. पाहुण्या इंजिनियराचेही ते काम नव्हे.

आणि या माणसांचे हात कसे होते ते विसरू नये. कुष्ठरोगात मज्जातंतू जातात. बोटे झडतात असे आपण म्हणतो, पण खरे कारण बहुधा असे की हाताची जाणीव गेलेली असते. चटका बसला, फोड आला, काटा रुतला, तरी कळत नाही, आणि जखम चिघळत जाते. रोग बरा झाला तरी गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. कुदळीचा दांडा किती घट्ट धरला आहे हे अशा हाताला समजत नाही. तो गरजेपेक्षा घट्ट धरतो आणि सोलपटतो. म्हणून दांड्यास चिंधी गुंडाळावी लागते, आणि काम संपल्यावर हात डोळ्यांनी तपासावे लागतात. दुसऱ्याच सकाळी छावणीतली मुले तळहातावरचे फोड एकमेकांना दाखवीत बसतात. फोड दुखतो म्हणून ती तक्रार करतात. समोर उभा असलेल्या यजमानाला तर तो फोड दुखावा एवढेच हवे होते.

छावण्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. आठ दिवसांच्या घामाने देश बदलतो काय? पाचशे मुलांनी आठवड्यात उपसलेली माती आजचे यंत्र दोन दिवसांत उपसते, शिवाय मुलांच्या जेवणाचा आणि रेल्वे-बसचा खर्च वाचतो. हिशेब बरोबर आहे. त्याहून बोचरा आक्षेप मराठवाड्यातूनच यावा असा आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, नाले बांधले, रस्त्यांची माती वाहिली. ती मजुरीसाठी, पोट जाळीत होते म्हणून. त्यांच्या तळहातांवरच्या फोडांना कोणी संस्कार म्हटले नाही. मग कॉलेजच्या मुलाने हौसेने उचललेल्या घमेल्याचे एवढे कौतुक कशाला? मला हा प्रश्न रास्त वाटतो. १९६९ साली सरकारने राष्ट्रीय सेवा योजना काढली, तिची शिबिरे आपल्याही विद्यापीठातून भरू लागली, आणि त्यांतली पुष्कळशी एखाद्या गावात आठवडाभर राहून, रस्ता झाडून, फोटो काढून परत आली. गावाने ती सोसली.

सोमनाथचा भेद एवढाच की तिथे मुलांच्या मागे कोणी तरी राहत होते आणि त्या कामावर त्यांचे पोट होते. बांध कच्चा राहिला तर मुलांची गंमत गेली असे होत नसे, कोणाचे तरी धान जात असे. त्यामुळे यजमान कौतुक करण्यात वेळ घालवीत बसणे शक्य नव्हते; माती नीट दाबली नसेल तर ती पुन्हा दाबावी लागे. दुष्काळी कामावरच्या बाईला मुकादम होता, छावणीतल्या मुलाला यजमान होता. मुकादम हजेरी पाहतो, यजमान बांध पाहतो.

अर्थात यजमानपणाचे कौतुक करताना एक विसरून चालणार नाही. ही माणसे सोमनाथला राहिली ती सगळीच स्वेच्छेने राहिली नाहीत. पुष्कळांना दुसरे दारच उरले नव्हते. वरोऱ्याचे आनंदनिकेतन महाविद्यालय १९६४ साली निघाले, त्याच्या इमारती याच रोगमुक्त हातांनी उभ्या केल्या. त्यांत शिकली ती गावची धडधाकट मुले. दान देणाऱ्याला घर नाही, आणि घेणाऱ्याला आहे, असा हा उलटा व्यवहार. रेंजर नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, त्याचे पेन्शन ठरलेले असते. इथे राखणदार जागा सोडून जाणार कुठे?

आपल्या गावात पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात फकीर आणि वाटसरू येत, जात. त्यांचे दळण चक्कीवर निघे. उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूने मातीच्या नळांतून ते पाणी मैलोन् मैल येई. त्या नळांत मुळ्या शिरतात, गाळ बसतो, सांधे फुटतात. दर वर्षी कोणी तरी जमिनीखाली उतरून ते मोकळे करावे लागतात. मलिक अंबराच्या काळापासूनच्या आपल्या नहरी जिथे असा माणूस राहिला तिथे वाहत्या राहिल्या, आणि जिथून तो गेला तिथे बुजल्या. आज त्यांच्यावर घरे आहेत. नहर कोणी बांधली हे फलकावर आहे. ती उपसत कोण होता हे फलकावर नाही.

सोमनाथच्या छावणीचा शेवटचा दिवस संपतो. मुले पत्ते लिहून घेतात, रडतात, मूलच्या स्टँडवर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायचा असतो. दोर उन्हात वाळवून ठेवायचे, बांबू आडोशाला लावायचे, चर बुजवायचे, कुदळी मोजायच्या. दोन-चार नेहमी कमी भरतात, त्या बांधाखालच्या गवतात सापडतात. मग पंधरा-वीस दिवस उसंत, तीही धानाच्या पऱ्ह्यांची जमीन तयार करण्यात जाते. जूनच्या मध्यास पहिला मोठा पाऊस येतो, बहुधा रात्री. तेव्हा कंदील घेऊन बांधावर जायचे असते. नव्या मातीत पाणी कुठे मुरते, खेकड्याने कुठे बीळ केले आहे, सांडव्यातून पाणी निघते की बांधावरून, हे अंधारातच पाहावे लागते. भगदाड सापडले तर गवताचा पेंढा आणि माती घालून पायाने दाबायचे. पायाची जाणीव गेलेली असेल तर आधी कंदील खाली धरून पाय कुठे पडतो ते पाहायचे, आणि मग दाबायचे.